पाच वाजता येणारा आत्मा

डॉक्टरांनी तुम्हाला छातीचा क्षय सांगितला असेल, तर आधी त्यांनी दिलेल्या गोळ्या घ्या आणि मग हे वाचा. आधी वाचन आणि मग गोळ्या असं केलंत, तर तुमच्यात आणि तेवीस वर्षांच्या माझ्यात फरक तो काय राहिला.

आता मी बोरगाव मेघेत लेकीजवळ राहते. मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या सुनेला हा आजार निघाला. मी भेटायला गेले तर ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आजी, हे शरीर माझं वाटतच नाही." मी हसले. तिला राग आला असणार. पण हे वाक्य माझ्या फार ओळखीचं होतं. याच वाक्यावर मी एके काळी टाळ्या घेतल्या होत्या.

माझं नाव शांता. बारशाच्या दिवशी मी कुणाच्याच मांडीवर टिकत नव्हते म्हणे, म्हणून वडिलांनी आशेने ठेवलं. ते शाळामास्तर. आशा ठेवायची त्यांना सवय होती.

अध्यक्षबाई

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. आम्ही पुलगावात होतो. हे तिथल्या कापडगिरणीत टाइमकीपर. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि अडीच वर्षांची कुंदा.

मी मॅट्रिक झालेली होते आणि ते कुणी विसरू नये याची काळजी घेत असे. घरात सगळे 'मले-तुले' म्हणत, मी ठासून 'मला-तुला' म्हणायची. राममंदिराच्या सभामंडपात मी बायकांचं एक आत्मचिंतन मंडळ काढलं होतं. अध्यक्ष मी, चिटणीस मी, आणि पावसाळ्यात श्रोतेही बहुतेक मीच. रोज पाच वाजता सात-आठ जणी जमायच्या. त्या दिवसांत आमच्या भागात सूत न कातणारी बाई म्हणजे जरा आळशीच समजत, म्हणून हातात टकळी आणि तोंडाने चिंतन. टकळी फिरायची, पेळूतून धागा निघायचा आणि मी सांगायची: देह म्हणजे भाड्याची खोली, मन म्हणजे तिची खिडकी, आत्मा हा भाडेकरू. भाडेकरूने खोलीत जीव गुंतवू नये.

हे व्याख्यान मी एकदा घरी सासूबाईंना ऐकवलं. त्या ज्वारी निवडत होत्या. सूप खाली न ठेवता म्हणाल्या, "खोली भाड्याची असो का घरची, छत गळलं तं भिजते कोण? भाडेकरूच न?"

त्यांची देहबुद्धी सुटायची नाही असं मी मनात म्हटलं. इतकंच नाही, मंडळातही सांगितलं.

माझी प्रगती

त्या वर्षी दिवाळीनंतर माझी आध्यात्मिक प्रगती भराभर व्हायला लागली.

जेवणावरची वासना उडाली. भाकरी पुढे आली की नको वाटायची. याला मी वैराग्य म्हटलं. पोलकी सैल झाली. पहाटेच जाग यायची, अंग घामाने ओलं. तेही चांगलंच लक्षण धरलं. आणि रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास, मंडळात बसलेली असताना, अंगातून एक ऊब चढायची. गाल तापायचे, डोकं हलकं व्हायचं, सभामंडपाचे खांब जरा लांब गेल्यासारखे वाटायचे. मंडळातल्या एका मास्तरीणबाईंनी भर सभेत म्हटलं, "शांताबाई, तुमच्या चेहऱ्यावर तेज आलंय." त्या दिवशी मी घरी चालत गेले नाही, तरंगत गेले.

खोकला होता. पण खोकला काय, गिरणीच्या गावात सगळ्यांनाच असतो.

एकट्या सासूबाईंना तेज दिसलं नाही. त्या घरातल्या प्रत्येकाच्या मानेला उलट्या हाताने स्पर्श करून पाहायच्या, अगदी गोठ्यातल्या वासराच्यासुद्धा. मला पाहिलं आणि म्हणाल्या, "काऊन वो, तुयं आंग तापून राह्यलं. रोजच तापते. मले समजते."

"तो ताप नाही," मी म्हणाले.

"मंग काय आहे?"

"तुम्हाला सांगून कळायचं नाही."

"बरं बाई. नाई कळत मले. पण लेकराले जवळ घेऊन नको निजू."

मी त्या रात्रीही कुंदाला कुशीत घेऊनच निजले, मुद्दाम. पाच महिने रोज निजले. हे वाक्य लिहायला मला बाकी सगळ्या लेखापेक्षा जास्त वेळ लागला आहे.

पेळू

एका संध्याकाळी मंडळात टकळी फिरवता फिरवता खोकल्याची उबळ आली. तोंडावर हात धरला, हातात पेळू होता. उबळ थांबली तेव्हा पांढऱ्या कापसावर बोराएवढा लाल डाग. मी पेळू मुठीत दाबला आणि व्याख्यान पुढे चालू ठेवलं. विषय होता देहाची आसक्ती. मूठ मात्र घरापर्यंत उघडली नाही.

पेळू मी पाटाखाली लपवला. दुसऱ्या दिवशी झाडताना तो सासूबाईंना सापडला. त्या ओरडल्या नाहीत. पेळू पदरात बांधला, कुंदाला उचलून कडेवर घेतलं आणि तशाच चालत गिरणीच्या दारापर्यंत गेल्या, यांना बोलवायला. गिरणीच्या दारात आमच्या घरची बाई कधी गेली नव्हती.

दोन दिवसांनी आम्ही वर्ध्याच्या दवाखान्यात होतो. डॉक्टर म्हातारे, खादीतले. त्यांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "संध्याकाळचा ताप कधीपासून?"

 मी शाळामास्तरांची मुलगी, मी कशी गप्प बसेन? म्हणाले, "डॉक्टर, तो ताप नाही. चिंतनाच्या वेळी आत्म्याची जाणीव जागी होते, तेव्हा तसं होतं."

डॉक्टर हसले नाहीत. फोटो खाली ठेवून म्हणाले, "बरं. मग तुमचा आत्मा संध्याकाळी पाच वाजताच का येतो? सकाळी आठला का येत नाही?"

 

"दोन्ही बाजूंना आहे," ते यांच्याकडे वळून म्हणाले. "उजवीकडे खड्डा पडलाय. ठेवावं लागेल. घरात लहान मूल आहे?"

हे हो म्हणाले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "कुंदाले काही झालं तं…" वाक्य तिथेच सोडलं. लग्नाला पाच वर्षं झाली होती, हे मला कधी उलट शब्द बोलले नव्हते. हाही पुरता बोलले नाहीत. पण ते अर्धं वाक्य मी चौदा महिने पुरं करत होते, दर वेळी वेगळं.

उताणी

दवाखाना गावाबाहेर, लांबट, कवेलूच्या छपराचा. बायकांच्या व्हरांड्यात दहा खाटा. नियम सोपा: हलायचं नाही. बसायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, हात डोक्यावर नेऊन केस विंचरायचे नाहीत. छाती हलली की जखम भरत नाही म्हणे. सकाळी कुल्ल्यात सुई. ती इतकी दुखायची की भाड्याच्या खोलीचा मालकी हक्क मला तिथेच मिळाला. मग जीभ आंबून जाईल अशा पुड्या. सहाला, दोनला आणि पाचला ताप मोजायची काचेची नळी तोंडात.

अंग खाटेवर, आणि मन? सकाळच्या सुईच्या आत ते पुलगावला जाऊन यायचं. कुंदाचं दूध कोणी तापवलं, तिने झबलं उलटं घातलं का, ती रडली तर कोणत्या नावाने रडली. परत यायचं, छताची कवेलं मोजायचं, मध्येच चुकायचं, पुन्हा पहिल्यापासून. पायाचा अंगठा तेवढा चादरीखाली हलवत राहायची. सिस्टरला तो दिसायचा. "शांताबाई, अंगठा," ती लांबूनच म्हणायची.

आणि आत्मा? मी त्याला हाका मारल्या. खोटं का सांगू. तो कुठेच नव्हता. पाच वाजले की ऊब यायची, गाल तापायचे, आणि आता त्याचं नाव मला माहीत होतं. मंडळातलं कुणी भेटायला आलं नाही. मास्तरीणबाईंचं पत्र आलं, देह नश्वर आहे असं. वाक्य माझंच होतं. मी ते सिस्टरला चुलीत घालायला दिलं.

शेजारच्या खाटेवर फुलाबाई होती. आर्वीकडच्या जंगलातली गोंडीण, माझ्यापेक्षा थोडी मोठी. नवरा आला की दोघं त्यांच्या भाषेत हळू बोलायची, माझ्याशी मात्र वऱ्हाडीत. ती लाकडासारखी निश्चल पडून राहायची. मला तिचा हेवा वाटायचा आणि रागही यायचा.

"तुम्हाला घर आठवत नाही का?" एकदा विचारलं.

"आठवते न."

"मग अशा शांत कशा पडता?"

"मन तं माहंबी पळते बाई. पळू दे त्याले. ते पळालं तं रगत नाई पडत. आंग पळालं का पडते."

माझ्या मंडळाच्या सगळ्या व्याख्यानांत इतकं उपयोगाचं वाक्य एकही नव्हतं. अर्थात तेव्हा मी ते ऐकून सोडून दिलं.

दीडेक महिन्याने माझ्या कानात सतत एक बारीक नाद घुमायला लागला. रातकिड्यांसारखा, अखंड. मी फुलाबाईला हळूच सांगितलं की हा अनाहत नाद, मोठमोठ्यांना जन्मभर ऐकू येत नाही. ती म्हणाली, "मले येऊन राह्यला तो. त्या चौथ्या खाटवालीलेबी येते." नाद सुयांचाच म्हणून डॉक्टरांनी आम्हा तिघींच्या सुया कमी केल्या. तो नाद अजून आहे. लिहिताना आत्ताही वाजतो आहे. जातच नाही म्हणजे आपलाच, असं समजून मी त्याच्याशी भांडणं सोडलं.

अंडी

दर रविवारी सासूबाई पॅसेंजरने पुलगावहून यायच्या, कुंदाला घेऊन. मुलांना व्हरांड्यात येऊ देत नसत. समोर अंगणात कडुलिंब होता, त्याखाली त्या कुंदाला उभी करायच्या आणि तिथून दाखवायच्या. मी हात हलवायची, तेवढाच मनगटापासून. पहिल्या रविवारी कुंदा धावत निघाली. सासूबाईंनी झग्याला धरून मागे ओढली. "आईचं आंग गरम आहे. गार झालं का जाजो." ती रडली. पुढच्या रविवारी कमी रडली. पाचव्या रविवारी रडलीच नाही, चिमणीकडे बघत राहिली. ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

डॉक्टरांनी अंडी खायला सांगितली होती. आमच्या घरात अंड्याचं नावही निघत नसे. एका रविवारी कुंदाला सिस्टरजवळ ठेवून सासूबाई माझ्या खाटेशी आल्या, पदराखालून पितळी डबा काढला आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. आत सहा उकडलेली अंडी.

"पोस्टमनच्या बायकोनं उकडून देल्ली," भिंतीकडे पाहत त्या म्हणाल्या. "डोये मिटून खाय. मीबी डोये मिटूनच आणली."

"डबा बाटला आता," मी म्हणाले. मला अजूनही शहाणपणा सुचत होता.

"बाटू दे. डब्याले कुठी आत्मा आहे."

मी हसले, आणि हसल्याने छातीत कळ आली. त्याही हसल्या, पण तोंड भिंतीकडेच.

तीन दिवस

तिसरा महिना लागला तेव्हा यांचं पत्र आलं. दोनच ओळी. कुंदाला आठ दिवस खोकला आहे. गुरुवारी तपासायला आणतो.

गुरुवारी त्यांनी आणली. डॉक्टरांनी तिच्या हातावर टोचलं. किंकाळी मला व्हरांड्यात ऐकू आली. तीन दिवसांनी ती जागा किती सुजते ते पाहायचं, सूज मोठी निघाली तर छातीचा फोटो काढायचा. मंडळी पुलगावला परत गेली आणि मी उताणी राहिले.

शुक्रवारी मी कवेलं मोजली नाहीत. पाच महिन्यांतल्या रात्री मोजल्या. कुंदाचं नाक माझ्या गळ्याशी असायचं. मी तिच्या तोंडावर श्वास सोडत होते आणि मला तेव्हा वाटत होतं की मी देह नाही. मग तिच्या तोंडावर श्वास सोडत होतं ते कोण होतं?

शनिवारी दुपारी, सगळ्या विश्रांतीला डोळे मिटून पडल्या होत्या तेव्हा, मी उठून बसले. कसं, ते मला कळलं नाही. पाय जमिनीला लागले. पुलगावची गाडी पकडायची एवढंच डोक्यात. तिकीट, पैसे, चपला, काही नाही. व्हरांड्याच्या पायऱ्या उतरले आणि जमीन एका बाजूला झुकली. सुयांनी तोल गेला होता, हे मला कुठे माहीत. कडुलिंबाला धरायला गेले, तो हाताला लागला नाही. मग खोकला. या वेळी डाग बोराएवढा नव्हता.

शुद्धीत आले तेव्हा छातीवर बर्फाची पिशवी आणि समोर डॉक्टर. ते चिडले होते, आणि चिडले की फार हळू बोलायचे.

"बाई, भरत आलेली जखम तुम्ही उघडलीत. दोन महिने मागे गेलो आपण. कुठे निघाला होता?"

"मुलीकडे."

"पोचलात?"

मी मान हलवली. नाही.

ते खाटेच्या कडेवर बसले. क्षयाच्या रोग्याच्या खाटेवर कुणी बसत नसे. म्हणाले, "तुमच्या आत्म्याशी माझं भांडण नाही. पण त्याला पुलगावला जायचं तर याच पायांनी जावं लागेल. दुसरे पाय माझ्या दवाखान्यात नाहीत."

ते गेल्यावर फुलाबाईने तिच्या खाटेवरून हात लांब केला. खाटा जवळ होत्या, बोटांना बोटं लागली. 

रविवारी कडुलिंबाखाली सासूबाई उभ्या. मला मान उचलायला बंदी होती, म्हणून सिस्टरने आरसा धरला. आरशात कुंदाचा हात वर केलेला दिसला. टोचल्या जागी चांगली चिंचोक्याएवढी सूज.  मग सासूबाईंची हाक आली, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी.

"शांते वो, फोटो साफ आहे. डाग नाई. डॉक्टरनं सांगतलं, वरीसभर पाहत राहा, पण डाग नाई."

मी रडले. रडताना छाती हलू नये म्हणून किती जपून रडले ते सांगते: पाणी दोन्ही कानांत गेलं आणि उशीला वाहिलं, चादर हलली नाही. पायाचा अंगठासुद्धा. अंग आणि मन पहिल्यांदा एकाच खाटेवर होतं, आणि दोघांना एकच गोष्ट हवी होती.

जे मी विचारलं नाही

मोहाची फुलं पडायच्या दिवसांत फुलाबाई घरी गेली. डॉक्टर नको म्हणाले. ती म्हणाली, वेचायला घरी दुसरं कोणी नाही. जाताना माझ्या खाटेशी थांबून अंगठ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता बरा आहे." ती तपासणीला परत यायची होती, आली नाही. मी तिच्या गावाचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. तीनशे दिवस शेजारी पडून तिचं सगळं ऐकलं आणि एवढं विचारलं नाही. हे मी थट्टेत काढू शकत नाही.

एका संध्याकाळी पाच वाजता सिस्टरने नळी पाहिली आणि म्हणाली, "ताप नाही." दुसऱ्या दिवशीही नव्हता. मला आनंद झाला आणि, तुम्ही हसाल, जरा एकटं वाटलं. इतक्या दिवसांची रोजची भेट होती.

शेजारच्या सुनेला मी एवढंच सांगितलं: शरीर आपलं वाटत नसेल तर न वाटू दे, पण आपल्याच घरी आलेल्या पाहुण्यासारखं त्याला वेळेवर जेवायला घाल आणि गोळी दे. बरं झालं की ते स्वतःच ओळख काढतं. तिने विचारलं, "आणि आत्म्याचं काय?" म्हटलं, मी म्हातारी झाले, अजून चौकशी चालू आहे. कळलं की पोस्टकार्ड टाकीन.

मान

चौदा महिन्यांनी पुलगावला आले. कुंदा चार वर्षांची झाली होती. सासूबाईंना ती 'आजी' सोडून 'आई' म्हणू लागली होती. मला पाहिल्यावर तिने त्यांच्या लुगड्याचा ओचा धरला आणि मागे गेली. मी हात पुढे केले. ती आली नाही.

हे म्हणाले, "अगं, ही तुयी आई." सासूबाई म्हणाल्या, "नको सांगू तिले. राहू दे."

जेवणं झाली. दुपार गेली. मी घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले, दर वस्तूला हात लावत. ती दाराआडून पाहत होती. मी तिच्याकडे पाहिलं की नाहीशी व्हायची. मंदिरात पाचाची घंटा झाली तेव्हा मी थकून ओसरीवर बसले आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. कुणाला बोलवायचं त्राण उरलं नव्हतं.

थोड्या वेळाने मानेला काहीतरी लागलं. इवल्या हाताची उलटी बाजू. ती तिथे जरा वेळ टेकली, मग कपाळावर गेली, पुन्हा मानेवर आली. सासूबाई वासराला पाहत तसंच, अगदी सावकाश. मी श्वाससुद्धा घेतला नाही. न हलणं मला तोवर चांगलं येत होतं.

मग ती आत तोंड करून ओरडली, "आजी, इचं आंग गार आहे. बसू काय मी जवळ?"

चुलीपाशी भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"बस," सासूबाई म्हणाल्या.